परत केल्याची तारीख

दारावरची पाटी मीच लिहिली होती,
सात वर्षांपूर्वी, निळ्या ऑइलपेंटनं:
मोबाईल बंद ठेवा.
'बंद'खाली दोन रेघा.

ड वर्गाचं वाचनालय आमचं, हिवऱ्याचं,
ग्रामपंचायतीच्या मागं, आटाचक्कीला लागून.
तीन कपाटं धड, चौथ्याला दार नाही.
पुस्तकांवर धूळ कमी, ज्वारीचं पीठ जास्त.
सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ,
लाइन असली तर.

मोनाली टेकाम आली ती भर दुपारी दीडला.
सात किलोमीटर, त्यातले चार पायी.
चक्कीच्या सावलीत बसून राहिली पाचपर्यंत.
पोलीस भरतीचं पुस्तक हवं होतं,
ते बुधवारपासून दुर्योधन गेडामकडे.
मी रजिस्टर फिरवून तिला नोंद दाखवली,
जणू पुरावा पाहून पाय दुखायचे थांबतात.
ती चिडली नाही. तडकल्या काचेचा फोन पुढं केला.
"काका, हे याच्यावर इचारता आलं असतं ना मले.
हाय का नाही, एवढंच."

समितीत सचिव बोबडे म्हणाले,
"फोनच्या पायी तं पोट्टे वाचत नाहीत,
आन् तुमी फोनलेच सभासद करता?"
माझ्याजवळ उत्तर नव्हतं.
ते बाहेर ओट्यावर बसलं होतं:
कुलूप लागल्यावर रोज रात्री आठ-नऊ पोरं,
कारण अख्ख्या गावात रेंज तेवढ्याच ओट्यावर.
आणि मी इतकी वर्षं त्यांना हाकलत होतो
वाचनालयाच्या दारातून.

चक्कीवाल्या अश्फाकच्या नाझनीननं
दिवाळीच्या सुट्टीत यादी टाइप केली.
एकवीसशे चौदा पुस्तकं.
हरवलेली सत्तर सापडली,
सापडलेली दोन हरवली.

आता कपाटाआधी फोन उघडतो.
"गेडामनं पुस्तक आणून देल्लं का?"
"आठ दिवस वाढवून द्या, कापूस सुरू हाय."
एक निरोप पहाटे तीन वाजून दहा मिनिटांचा,
जिनिंगच्या रात्रपाळीतून:
"पान ब्याऐंशी. 'अभिजात' म्हंजे काय?"
मी अंथरुणातच चष्मा शोधला.

शेवंताबाईच्या टोळीतल्या चौघींनाच वाचता येतं,
त्यांचेही हात दिवसभर बोंडात.
म्हणून रोज दहा मिनिटं मीच वाचून पाठवतो.
फोन एकीच्या ओटीत, वेचलेल्या कापसावर,
बाया तासाला तास लागून,
आणि माझा आवाज त्या वावरात फिरतो
जिथं मी कधी पाय ठेवला नाही.
संध्याकाळी उलटा निरोप येतो:
"गोष्ट चांगली हाय. खोकल्यावर अडुळसा घ्या.
आन् ते बाई घरातून निघते ना,
तिथं घाई केली तुमी. पुन्हा वाचा."
सव्वीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं
मी कुठं घाई करतो ते.

रजिस्टरचे रकाने तेच.
नाव, दाखल क्रमांक, दिल्याची तारीख,
परत केल्याची तारीख.
आवाज दिला तर शेवटी काय लिहू?
कपाटात फट पडली नाही, तरी काहीतरी गेलंय गावाबाहेर.
मार्चमध्ये तपासणीला साहेब येतील, बोट ठेवतील.
तो रकाना मी कोराच ठेवलाय.

गुलाब पेंटरनं 'बंद'वर पांढरा हात मारला,
एकच, पैसे तेवढेच होते.
उन्हं तिरपी झाली की शब्द अजून दिसतो,
दोन्ही रेघांसकट.

परवा मोनाली आली,
पुस्तक बाजूला काढून ठेवलंय हे कळल्यावरच आली.
घेऊन लगेच निघेल वाटलं.
"काका, चार्जिंगले लावू का?"
प्लग एकच. मी पंख्याची वायर काढली.
पंखा फिरत फिरत थांबला,
तिच्यासमोरचं पान उडायचं राहिलं,
आणि चक्कीच्या आवाजात, घाम पुसत,
ती वाचायला लागली.